काशीदच्या वाळूत स्मार्ट दुर्बीण

प्रश्न : काशीदच्या मुक्कामात ॲपवर चालणारी दुर्बीण नवशिक्याला जमेल का?

उत्तर : जमेल. सीस्टार एस५० ही अडीच किलोची दुर्बीण ताऱ्यांची छायाचित्रे ताडून स्वतःच दिशा ओळखते. मोबाइल तिच्याच वायफायला जोडायचा, त्यामुळे रेंज नसली तरी अडत नाही. दहा-दहा सेकंदांची छायाचित्रे एकावर एक रचत गेल्यावर मृगातला तेजोमेघ पडद्यावर रंगांसकट उमटतो.

गुरू-शनी पाहण्याची हौस मात्र भागत नाही. ५० मिलिमीटरच्या भिंगातून ते चिमुकलेच दिसतात. डोळा लावायला नेत्रिकाही नसते. काहींचा इथेच हिरमोड होतो!

तिपाई भुसभुशीत वाळूत रुतते, म्हणून पायांखाली फळी हवी. खारी दमट हवा बाधते. दुर्बिणीतला दवरोधक हीटर चालू ठेवावा.

एप्रिल-मेच्या अमावास्येला दक्षिणेकडे, क्षितिजापासून जेमतेम २४ अंशांवर येणारा ओमेगा सेंटॉरी तारकागुच्छ आधी शोधावा.