हँगरमधलं विमान आणि विहिरीवरचं इंजिन

छोटं विमान कधीच स्वस्त नसतं. पण हँगरच्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं धूळ खात उभं असलेलं छोटं विमान मात्र बरंच कमी किमतीत मिळतं. का मिळतं, हा या लेखाचा विषय. मराठी विभागासाठी मेकॅनिकलची मुलगी, त्यातून कॉन्व्हेंटवाली, लेख लिहिणार म्हटल्यावर हॉस्टेलवर जे काही हसायचं ते सगळ्यांनी हसून घेतलेलं आहे. तेव्हा सरळ मुद्द्यावर येते.

माझा आतेभाऊ अमेरिकेत नोकरी करतो. शनिवार-रविवार शिकून त्याने तिथे प्रायव्हेट पायलटचं लायसन्स काढलं. आता तो आणि त्याचे दोन मित्र मिळून एक सेसना १७२ घेणार आहेत. चार सीटचं, १९७० च्या दशकातलं, १५० हॉर्सपॉवरच्या लायकॉमिंग इंजिनाचं. मूळ मालकाचं वय झालं, मेडिकल गेलं, आणि विमान नऊ वर्षं जागचं हललं नाही. ओव्हरहॉलनंतर इंजिन चाललंय फक्त नऊशे तास. "दोन हजार तासांचं इंजिन आहे, म्हणजे अजून अर्धंही वापरलेलं नाही!" असं दादा फोनवर खुशीत सांगत होता. दिवाळीच्या सुट्टीत मी आत्याकडे राळेगणसिद्धीला होते. फोन ठेवल्यावर आत्याने मला विचारलं, "तू इंजिनिअरिंगला आहेस ना? मग सांग, ते विमान बरं आहे का?"

टी.ई.पर्यंतच्या एकाही व्हायवात मला इतका अवघड प्रश्न कुणी विचारलेला नाही. कारण चुकीचं उत्तर दिलं तर इथे मार्क जाणार नव्हते, दादा जाणार होता.

त्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आत्याच्याच मळ्यात सापडलं. विहिरीवर एक जुनं ऑइल इंजिन आहे. विजेची मोटर आल्यापासून ते पत्र्याखाली नुसतं उभं. लोडशेडिंगला उपयोगी पडेल म्हणून मामांनी (आत्याच्या यजमानांना आमच्याकडे मामाच म्हणतात) ते पुन्हा चालू करायला काढलं होतं. हँडल फिरेना. मी जोर लावायला गेले तर मामा ओरडले, "अगं, जोर नको लावू, रिंगा मोडतील. आधी त्याला पिऊ दे." मग त्यांनी इंजेक्टर काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतलं आणि दोन दिवस त्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी हँडल हललं. पण मामांनी लगेच चालू केलं नाही. हेड उतरवलं. लायनरवर पिस्टन जिथे थांबला होता तिथे गंजाचा एक कडा उमटलेला होता. इंजिन शेवटचं चाललं तेव्हा ठणठणीत होतं. जे बिघडलं ते उभं असताना बिघडलं.

आपण मशीनचं आयुष्य तासांत मोजायला शिकतो. फटीग, वेअर, सायकल्स सगळं चालण्यावर. उभं राहण्याचं वय कोणत्याच मीटरवर येत नाही. इंजिन बनवणाऱ्यांना मात्र ते पक्कं माहीत आहे. लायकॉमिंगने आपल्या इंजिनांना ओव्हरहॉलसाठी जशी तासांची मर्यादा सुचवली आहे तशीच वर्षांचीही सुचवली आहे: बारा वर्षं. तास भरले नसले तरी. म्हणजे दादाचं 'अर्धंही न वापरलेलं' इंजिन कॅलेंडरच्या हिशोबात म्हातारं निघालं.

हे पाणी बंद इंजिनात येतं कुठून? आपलं फर्स्ट इयरचं केमिस्ट्री आठवा. पेट्रोल म्हणजे ढोबळमानाने ऑक्टेन धरलं तर त्याचा एक मोल, म्हणजे ११४ ग्रॅम, जळल्यावर पाण्याचे नऊ मोल तयार होतात, म्हणजे १६२ ग्रॅम. एक लिटर पेट्रोल साधारण ७२० ग्रॅम. गुणाकार करून बघा. एक लिटर पेट्रोल जाळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं! बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते. पण थोडी पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने क्रँककेसमध्ये उतरते. इंजिन तापलेलं असेल तर तीही ब्रीदरमधून निघून जाते. गार असेल तर आतच थिजते आणि तेलात मिसळून राहते. त्यात जळणातली आम्लं मिसळली की गंजाची सगळी तयारी झाली.

म्हणूनच "मी दर महिन्याला विमान पाच मिनिटं स्टार्ट करून ठेवतो" हे विकणाऱ्याचं वाक्य ऐकलं की सावध व्हायचं. पाच मिनिटांत तेल तापत नाही. पाणी तयार होतं, बाहेर मात्र जात नाही. याच्यापेक्षा अजिबात स्टार्ट न केलेलं बरं. तेल साधारण ७५ ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापून तासभर तसं राहिलं पाहिजे, आणि ते उडाल्याशिवाय होत नाही. (हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये सुट्टीभर बाइक ठेवून जाणाऱ्यांनी आणि मित्राला "जरा किक मारून ठेव रे" सांगणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.)

आता लायकॉमिंगच्या इंजिनाची एक खास खोड. त्यात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर बसवलेला आहे. इंजिन चालू असताना क्रँक तेल उडवतो, ते वर जाऊन कॅमला लागतं. इंजिन थांबलं की तेल गुरुत्वाकर्षणाने खाली आणि कॅम वर कोरडा. काही महिन्यांत त्यावरचा तेलाचा पापुद्रा विरळ होतो. दिवसरात्रीच्या तापमानातल्या फरकाने दव धरतं आणि कॅमच्या कठीण केलेल्या पृष्ठभागावर गंजाचे बारीक ठिपके पडतात. डोळ्याला क्षुल्लक दिसतील असे. पण कॅमचा लोब आणि टॅपेट यांच्यातला काँटॅक्ट स्ट्रेस किती असतो ते मशीन डिझाइन केलेल्यांना सांगायला नको. त्या ठिपक्यांपासून पृष्ठभागाचे कपचे निघायला लागतात. कपचे तेलात, तेल बेअरिंगांत. कॅम झिजला की व्हॉल्व्ह पुरता उघडत नाही आणि ताकद हळूहळू कमी होते. गंमत अशी की असं इंजिन पहिल्या स्टार्टला अगदी छान चालतं. खरं रूप पुढच्या शंभर-दोनशे तासांत दिसतं, पैसे देऊन झाल्यावर. स्टार्ट करून दाखवलं म्हणजे इंजिन चांगलं, ही समजूत म्हणूनच धोक्याची. कॅम नीट बघायचा तर एक सिलिंडर उतरवावाच लागतो. दादाच्या विक्रेत्याची याला अर्थातच तयारी नव्हती.

आणि विमान म्हणजे फक्त इंजिन नव्हे. रबराचे होज कडक होतात, टाकीतली सील आकसतात, मॅग्नेटोतलं इन्सुलेशन ओल धरतं. पंखात उंदीर घर करतात आणि त्यांच्या मुतामुळे ॲल्युमिनियम आतून खाल्लं जातं, हे वाचून मला पंखांबद्दलचा आदर थोडा कमी करावा लागला. इंधनाचं म्हणाल तर ज्या जुन्या विमानांना गाडीचं पेट्रोल वापरायची परवानगी मिळालेली आहे त्यांनाही साधारणपणे इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल चालत नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुनं रबर फुगवतं. साखर कारखान्यांच्या आपल्या नगर जिल्ह्यात हे मोठ्याने बोलू नये, पण खरं आहे.

सगळ्यात भीती वाटते ती सगळ्यात छोट्या भोकाची. पिटो ट्यूब ही पंखाखालची बोटाएवढी नळी. समोरून येणाऱ्या हवेचा दाब त्यातून घेऊन विमानाचा वेग कळतो. कुंभारीण माशीला मातीचं घरटं करायला याहून सोयीची जागा नाही. ६ फेब्रुवारी १९९६ ला डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाता इथून बिर्गेनएअर कंपनीचं बोइंग ७५७ उडालं. ते सुमारे तीन आठवडे जमिनीवर उभं होतं आणि पिटो ट्यूबवर झाकणं नव्हती. वेग चुकीचा दिसत गेला, वैमानिक गोंधळले आणि विमान समुद्रात पडून १८९ माणसं गेली. नळ्या समुद्रातून मिळाल्या नाहीत, पण तपास करणाऱ्यांचा संशय माशीच्या घरट्यावरच होता. तीन आठवडे! दादाचं विमान नऊ वर्षं उभं होतं.

इतकं वाचून जुनं विमान घेऊच नये असं वाटेल, तर तसंही नाही. विमानाचं वय ही अडचणच नव्हे. भारतातलं पहिलं वैमानिक लायसन्स १९२९ मध्ये जे. आर. डी. टाटांना मिळालं, आणि १५ ऑक्टोबर १९३२ ला त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला पस मॉथ विमानातून टपाल आणलं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण बरोबर पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी तोच मार्ग पुन्हा एकट्याने उडवला. विमान होतं पस मॉथचंच भावंड, १९३० च्या दशकातलं लेपर्ड मॉथ. आपल्या वायुसेनेचं टायगर मॉथ दुरुस्त होऊन २०१२ च्या वायुसेना दिनाला हिंडनवर उडालं, ते तर अनेकांनी टीव्हीवर बघितलं असेल. जुनी छोटी विमानं उडू शकतात, कारण ती साधी असतात आणि प्रत्येक भाग खोलून बघता येतो. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये डिझाइन केलेलं पुष्पक हेही असंच. ते १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालं. ९० हॉर्सपॉवरचं इंजिन, शेजारी शेजारी दोन सीट, कापडाने मढवलेलं अंग. देशातल्या फ्लाइंग क्लबांमधून कित्येक वैमानिक यावरच शिकले. जर्मनीत प्रांड्टलकडे संशोधन करून आलेल्या माणसाने क्लबातल्या पोरांसाठी विमान काढावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. आपल्या फ्लुइड मेकॅनिक्सच्या पुस्तकात प्रांड्टल आहे, घाटगे नाहीत.

राळेगणचंच बघा. नव्या बंधाऱ्यांच्या आधी गावाने काय केलं, तर सरकारने बांधून ठेवलेला पण पाणी न धरणारा पाझर तलाव दुरुस्त केला. जुनी वस्तू हातात घेतली की पहिलं काम रंग देण्याचं नसतं, गळती कुठे आहे ते शोधण्याचं असतं. दादाने आधी सीट कव्हर आणि नवा जीपीएस यांचे भाव काढले होते. मी त्याला आधी लॉगबुकं मागवायला सांगितली. कोणता भाग कधी बदलला, सरकारने काढलेल्या सक्तीच्या दुरुस्त्यांपैकी कोणत्या झाल्या, कधी अपघात झाला होता का, हे सगळं तिथे असतं. लॉगबुक हरवलेलं विमान म्हणजे जर्नल हरवलेला विद्यार्थी. काम केलं असेलही, पण सही कोण करणार? भारतात हे काम एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरचं. त्याची सही आणि उडण्यायोग्यतेचं चालू सर्टिफिकेट असल्याशिवाय मालकाला स्वतःचंच विमान उडवता येत नाही. अमेरिकेत नावं वेगळी, पद्धत तीच.

तीन आठवड्यांच्या घासाघिशीनंतर विक्रेता तयार झाला आणि एक सिलिंडर उतरला. फोटो दादाने मला पाठवले. दोन लोबांवर ठिपके होते, एका टॅपेटच्या तोंडावर तर बोट फिरवलं की लागेल असा खड्डा. आत्याला मी ते फोटो दाखवले. तिला कॅम म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण गंज ओळखता येतो. किंमत कमी झाली, इंजिन ओव्हरहॉलला गेलं, आणि तिघांचं बजेट कोलमडून एका मित्राने अंग काढून घेतलं. दादा अजून आहे.

पहिलं उड्डाण व्हायचंय. त्यासाठीची यादी आम्ही दोघांनी मिळून केली आहे, आणि त्यात तो स्वतःही एक 'पार्ट' आहे, कारण विमान घ्यायच्या नादात तोही पाच महिने उडालेला नाही. अमेरिकेत मागच्या ९० दिवसांत तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग केल्याशिवाय पॅसेंजर नेता येत नाही. गंजलेलं विमान आणि गंजलेला वैमानिक एकाच दिवशी तपासायचे नाहीत, म्हणून आधी तो क्लबच्या विमानात इन्स्ट्रक्टरबरोबर हात साफ करणार. मग सकाळच्या गारव्यात पहिलं उड्डाण. दुपारी का नाही, याचा हिशोब नगरसाठी करून बघा: उंची साधारण ६५० मीटर, मे महिन्यातले ४० अंश. हवेची घनता इतकी उतरते की विमानाला आपण सुमारे १,७०० मीटरवर आहोत असं वाटतं. घनता समुद्रसपाटीपेक्षा १५ टक्क्यांनी कमी, इंजिनची ताकदही जवळपास तितकीच कमी, प्रोपेलर आणि पंख दोघेही अर्धपोटी. नव्या ओव्हरहॉलच्या इंजिनावर हा प्रयोग नको.

पॅसेंजर नाही, मित्र नाही, कॅमेरा नाही. धावपट्टीवर ठरलेल्या खुणेपर्यंत वेगाचा काटा नीट हलला नाही तर तिथेच थ्रॉटल बंद. उडालंच तर विमानतळाच्या डोक्यावरच घिरट्या घालायच्या, म्हणजे इंजिन थांबलं तरी घसरत खाली येता येईल. तासाभराने उतरायचं, काउल काढायचं, कुठे तेल पाझरलंय का बघायचं. मग ऑइल फिल्टर कापून त्यातला कागद उलगडायचा आणि त्यावरून लोहचुंबक फिरवायचं. चुंबकाला काही चिकटलं तर विमान परत हँगरमध्ये.

आत्याने सांगून ठेवलंय की फोन चुंबक फिरवून झाल्यावरच करायचा.