चाळीस गेम, पण सोबती नाही

2023 च्या जूनमध्ये पुण्याहून नोएडाला बदली झाली, तेव्हा मुलगा नुकताच सहावीत गेला होता. नवी शाळा, सोसायटीत ओळखीचं कोणी नाही, आणि याचं सगळं जग कोथरूडला राहिलेलं, म्हणजे माझ्या ताईकडे, तिच्या मुलापाशी. दोघा मावसभावांत आठ महिन्यांचं अंतर. त्याच्याकडे निन्टेंडो स्विच होता. दिवाळीला यालाही हातात धरून खेळायचं कन्सोल घ्यावं असं आम्ही ठरवलं ते एवढ्याचसाठी, की रात्री जेवणं झाली की दोघांनी मारिओ कार्टची एखादी शर्यत लावावी आणि फोनवर गप्पा माराव्यात. हे कारण आधीच सांगून टाकते, कारण दुकानात पाऊल ठेवल्यावर नेमकं तेच माझ्या डोक्यातून निसटलं.

ऑफिसातल्या तरुण मुलांना विचारलं तर सगळ्यांचं एकच म्हणणं: स्विच जुना झाला, असूसचा आरओजी अ‍ॅलाय घ्या. तो त्याच वर्षी जुलैत भारतात 69,990 रुपयांना आला होता. मी वहीत दोन रकाने आखले. पडदा, मेमरी, वेग, वजन. प्रत्येक ओळीत अ‍ॅलाय पुढे, फक्त किंमत आणि वजन या दोन ओळींत स्विच. त्या वहीत एक ओळ मी लिहिलीच नव्हती: मुलगा कोणाबरोबर खेळणार? मारिओ, झेल्डा, पोकेमॉन या मालिकांचे मुख्य गेम निन्टेंडो स्वतःच्या यंत्रांसाठीच काढते. कितीही ताकदीचं दुसरं यंत्र आणलं तरी कोथरूडच्या शर्यतीत त्याला शिरता आलं नसतं.

नुसत्या ताकदीवर हा निवाडा पूर्वीही झालेला नाही. 2004 मध्ये निन्टेंडोचा डीएस आणि सोनीचा पीएसपी जेमतेम तीन आठवड्यांच्या अंतराने बाजारात आले. चित्रं पीएसपीची कितीतरी सरस होती, पण डीएस 15 कोटींवर खपले आणि पीएसपी त्याच्या निम्म्याच्या आसपास राहिला.

शेवटी किंमत पाहून आम्ही स्विचवरच आलो. पण निन्टेंडो तो भारतात अधिकृतपणे विकतच नाही. जो मिळतो तो दुबई, सिंगापूर, जपानहून आलेला. दिल्लीत विचारलंत तर तीन नावं हमखास कानावर येतात: कॅनॉट प्लेसच्या पोटातला पालिका बाजार, करोल बागेतलं गफार मार्केट आणि नेहरू प्लेस. तिन्हीकडे सचोटीचे दुकानदार आहेत, हे आता मला ठाऊक आहे. आम्ही मात्र धनत्रयोदशीच्या गर्दीत मिळेल त्या दुकानात शिरलो. दुकानदाराने यंत्र सुरू करून दाखवलं. पडद्यावर ओळीने गेमची चित्रं. "मॅडम, चालीस गेम डले हुए हैं, कुछ ख़रीदना ही नहीं पड़ेगा." चाळीस गेम फुकट म्हटल्यावर मी हरखून गेले. 26,500 रुपये दिले. हातात एक कच्चं बिल आलं, त्यावर फक्त ‘गेम – 1’ आणि रक्कम.

त्या रात्री पुण्याला व्हिडिओ कॉल लागला. तिकडे ताईचा मुलगा तयार बसला होता. इकडे यंत्राने इंटरनेटला हात लावला आणि पडद्यावर एक आकडा आला: 2124-4007. मुलाने तो दोनदा मोठ्याने वाचला. मला वाटलं, आतला गेम नकली आहे म्हणून अडलं असेल. दुसऱ्या दिवशी जाऊन मारिओ कार्टचं अस्सल कार्ट्रिज आणलं. पुन्हा तोच आकडा. त्याने फोन पालथा ठेवला आणि न जेवता झोपायला गेला. तो रडला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या आकड्याचा अर्थ असा की या यंत्राला निन्टेंडोच्या ऑनलाइन सेवेत मज्जाव आहे. प्रत्येक स्विचमध्ये त्याची स्वतःची डिजिटल ओळख असते. आत छेडछाड करून नकली गेम चालवलेलं यंत्र ऑनलाइन आलं आणि पकडलं गेलं, की ती ओळखच बंद करतात. ही बंदी यंत्रावर असते. खातं बदला, सगळं पुसून पुन्हा सुरू करा, अस्सल गेम घाला, काही फरक पडत नाही. म्हणजे ते यंत्र आमच्या आधी कोणीतरी वापरलेलं होतं.

खूण समोरच होती, मला बघता आली नाही एवढंच. यंत्र पालथं करून पाहिलं तर मागच्या चार स्क्रूंपैकी दोहोंच्या खाचा तीन पाकळ्यांच्या होत्या, कंपनी वापरते तशा. उरलेले दोन साधे, अधिकच्या खुणेचे, आणि त्यांच्या भोवतालचं प्लास्टिक किंचित खरवडलेलं. 2018 च्या मध्यापर्यंतच्या यंत्रांमध्ये एक त्रुटी होती, त्यामुळे ती न उघडताही फोडता येत. नंतरच्या यंत्रांना त्यासाठी उघडून आत चिप सोल्डर करावी लागते. म्हणून जुनं किंवा ‘गेम भरलेलं’ यंत्र कोणी पुढे केलं, की आधी ते पालथं करा.

मी परत दुकानात गेले. "ऑनलाइन का तो आपने पूछा ही नहीं था," तो म्हणाला. खरंच विचारलं नव्हतं. पक्कं बिल असतं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करता आला असता. 2019 च्या कायद्याने आपण राहतो तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. पण ‘गेम – 1’ एवढ्या कागदावर मी काय सिद्ध करणार होते? बिलावर जीएसटी क्रमांक, मॉडेल आणि यंत्राचा अनुक्रमांक हवाच. त्यासाठी हजार-दोन हजार जास्त पडले तरी द्या.

आता ओळखीचे पालक विचारायला येतात तेव्हा मी आधी विचारते, मूल कोणते गेम खेळणार आणि कोणाबरोबर. उत्तर मारिओ-पोकेमॉन असेल तर निन्टेंडो, आणि मग बाहेरून आलेल्या मालाची जोखीम पत्करायची. निन्टेंडोचं भारतासाठी वेगळं ई-शॉप, म्हणजे ऑनलाइन दुकान, नाही, खात्याला दुसऱ्या देशाचं नाव द्यावं लागतं आणि गेम बहुतेक जण त्या देशाच्या गिफ्ट कार्डावर घेतात. जून 2025 मध्ये आलेल्या स्विच 2 ची जपानमध्ये एक स्वस्त आवृत्ती निघाली. तिची भाषा फक्त जपानी आणि तिच्यावर खातंही जपानचंच चालतं. कमी भाव ऐकलात तर तीच नाही ना, एवढं पाहा.

मुलगा मोठा असेल, घरी कम्प्युटरवर आधीच खेळत असेल, तर अ‍ॅलायसारखं विंडोजवालं यंत्र मी मनापासून सुचवते. इथे अधिकृत विक्री आहे, सर्व्हिस सेंटर आहे, आणि स्टीमवर गेम रुपयांत, यूपीआयने घेता येतात. मेट्रोत खेळणाऱ्याने मात्र बॅटरीचा हिशेब करावा. पहिल्या अ‍ॅलायची बॅटरी 40 वॉट-तासांची. जड गेम 25 वॉट ओढायला लागला की दीड तासाच्या आतच खेळ संपतो, म्हणजे नोएडाहून निघालेल्याला गुरुग्राम गाठेपर्यंतही पुरेलच असं नाही. आणि 2024 मध्ये 18,990 रुपयांना आलेला प्लेस्टेशन पोर्टल पाहून भुलू नका. घरी पीएस5 नसेल तर तो नुसता पडदा आहे. गेम घरच्या पीएस5 वर चालतो आणि वाय-फायवरून इथे दिसतो.

2024 च्या मे महिन्यात आम्ही दुसऱ्यांदा स्विच घ्यायला गेलो, दुसऱ्या दुकानात, आठवड्याच्या मधल्या वारी, गर्दी नसताना. सीलबंद खोकं आमच्यासमोर फोडायला लावलं. मुलाने खिशातून आपलं कार्ट्रिज काढलं, माझ्या फोनचा हॉटस्पॉट जोडला, स्वतःच्या खात्यात शिरला आणि ऑनलाइनच्या सभासदत्वाचा आधीच घेऊन ठेवलेला कोड टाकला. मग कोथरूडला फोन लावून म्हणाला, "ये रे ऑनलाइन." दुकानदाराने त्याला बसायला स्टूल दिलं. दोघांनी अख्खी एक शर्यत पुरी केली. हा सातवा आला, तो तिसरा. त्यानंतरच मी पर्स उघडली.