अनसूयेचं आख्यान मुलांकडून बसवताना

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजन्म. सप्ताहात गुरुचरित्राचं पारायण आपण करतोच. पण जन्माच्या सांजेला हीच कथा गावातल्या मुलांनी गाण्याबोलण्यातून करून दाखवावी, असं मला फार वाटतं. चकलांब्यात हा विषय काढला की जाणती माणसं एकच शंका घेतात : "गुरुजी, लेकी-सुना समोर बसतेत. अनसूयेची परीक्षा दावायची कशी?" शंका रास्त आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

गाण्यातून, सोंगातून देव सांगणं आपल्याला नवं नाही. दासोपंतांनी दत्तानुष्ठान केलं ते राक्षसभुवन आपल्याच गेवराई तालुक्यात. त्यांनी दत्ताची पदं रचली. पैठणच्या नाथांनी विंचू, जोशी, भुत्या यांच्या रूपकांतून भारुडं रचून परमार्थ सांगितला.

आधी कथा नीट पाहू. भागवताच्या चौथ्या स्कंधाच्या पहिल्या अध्यायात ही परीक्षा मुळी नाहीच. तिथे अत्रिऋषी ऋक्ष पर्वतावर शंभर वर्षं एका पायावर, नुसत्या वाऱ्यावर राहून तप करतात. ब्रह्मा, विष्णू, महेश प्रसन्न होतात आणि त्यांच्या अंशाने सोम, दत्त, दुर्वास असे पुत्र होतात. गुरुचरित्राच्या चौथ्या अध्यायात मात्र तिन्ही देव अतिथी होऊन दारी येतात आणि विवस्त्र होऊन वाढण्याची अट घालतात. अनसूया त्यांना मनाने लेकरं मानते, अन् ते खरंच तान्ही बाळं होतात. कीर्तनकार यात नारद, लोखंडाचे चणे आणि तिन्ही देवींचा मत्सर घालतात. म्हणजे सांगण्यात फेर करायला मोकळीक आहे. पण किती?

इथे अण्णासाहेब किर्लोस्करांकडून शिकावं. त्यांनी 1882 साली 'संगीत सौभद्र' रंगभूमीवर आणलं. सुभद्राहरण महाभारताच्या आदिपर्वातलं. अर्जुनाचा संन्यासीवेष भागवताच्या दशम स्कंधात, 86 व्या अध्यायात येतो. अण्णासाहेबांनी त्याला आपल्या घरातल्या लग्नाचं रूप दिलं. थोरला भाऊ एक स्थळ ठरवतो, बहिणीच्या मनात दुसरंच, आणि मधला भाऊ गालात हसत सूत्रं हलवतो. पदं आली, विनोद आला, पण कृष्णाची लीला ही कथेची खुंटी जागची हलली नाही.

अनसूयेच्या कथेची खुंटी म्हणजे तिचं वात्सल्य. परीक्षाच गाळली तर देव बाळं का झाले, हे मुलांना कळणार नाही. उघड बोलून दाखवली तर लक्ष भलतीकडे जाईल. मला सुचतं ते असं : अतिथींनी "आम्ही सांगू तसंच वाढावं लागेल" एवढंच मोठ्याने म्हणावं आणि अट अनसूयेच्या कानात सांगावी. मग दोघांनी लग्नातल्या अंतरपाटासारखं धोतर आडवं धरावं. त्याआड मोठे देव मागे सरतील आणि तीन लहान पोरं पाटांवर बसतील. अलीकडे अनसूया एकटी. तिने पतीचं स्मरण करून पाहुण्यांना "बाळांनो" अशी हाक द्यावी. हाकेसरशी धोतर खाली! मोठ्यांना अर्थ कळतो, लहानांना चमत्कार दिसतो.

अनसूया रडवी करू नये. तिला भय नाही. देवींचं भांडणही हशासाठी लांबवू नये. गुरुचरित्रात तिची धास्ती घेतात ते इंद्रादी देव. हसायचंच तर त्या इंद्राच्या घाबरण्याला हसावं.

आणि पाळणा? तो एकट्या अनसूयेवर सोडू नये. तिने दोरी हाती घ्यावी आणि समोरच्या आयाबायांनी गाणं उचलावं. तिथे नाटक संपतं अन् खरा जन्मोत्सव सुरू होतो. मग सुंठवडा वाटावा.

घरी जाताना नातवाने विचारलं, "आजी, देव बाळ कसे झाले?" तर उत्तर सोपं आहे : तिने त्यांना लेकरू म्हणून पाहिलं, म्हणून. एवढं त्याच्या मनात राहिलं तरी आख्यान पावलं.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!