कोंबड्याचा तुरा हिमदंशापासून वाचवण्याची कृती

मिनेसोटा, विस्कॉन्सिन किंवा कॅनडात राहून परसात चार कोंबड्या पाळायच्या, तर जानेवारीत पहिली काळजी कोंबड्याच्या तुऱ्याची. कोंबडी झोपताना डोके पंखात खुपसते. कोंबडा बहुधा ते उघडेच ठेवतो. त्यात त्याचा तुरा मोठा आणि पिसांवाचूनचा. कडाक्याच्या थंडीत शरीर आतली ऊब राखण्यासाठी तुऱ्याकडचे रक्त आखडते घेते आणि टोके गोठतात. हवा कोरडी असली तर पाखरे बरीच थंडी सोसतात. घात करतो तो खुराड्यातला दमटपणा. म्हणून निम्म्याहून अधिक काम बर्फ पडण्याआधीच उरकायचे आहे.

साहित्य : रंध्याचा कोरडा भुसा, दोन बाय चार इंचांची फळी, अर्ध्या इंचाची मजबूत जाळी, आर्द्रतामापक, थर्मामीटर, मऊ सुती कापड, सलाइन.

पूर्वतयारी

१. खुराड्याच्या समोरासमोरच्या भिंतींवर, अगदी छताजवळ झरोके पाडा आणि त्यांना जाळी ठोका. झरोका दांडीवर बसलेल्या कोंबड्याच्या डोक्यापेक्षा बराच वर हवा. खालच्या फटी मात्र बुजवा. दांडीजवळ टिश्यू पेपरची पट्टी धरून पाहा. ती फडफडली तर वाऱ्याचा झोत थेट पाखरांवर येतो आहे.

२. थंडी वाढली म्हणून झरोके बंद करू नका. सकाळी खिडकीच्या काचेला आतून पाणी किंवा बर्फ धरलेला दिसला, की हवा कोंडली असे समजा आणि झरोके वाढवा. आतली आर्द्रता बाहेरच्याहून फारशी चढू देऊ नका.

३. ताज्या विष्ठेत सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते. रात्रभर दांडीखाली साचलेली विष्ठा रोज सकाळी काढा. भुसा मुठीत दाबून पाहा. गोळा झाला तर तो ओला आहे, बदला.

४. पाण्याचे भांडे रात्री खुराड्यात ठेवू नका. दिवसा पसरट भांड्यात पिताना चोचीखालच्या लाल पाळ्या भिजतात आणि आधी त्याच गोठतात. निपलचे किंवा अरुंद काठाचे भांडे वापरा.

५. दांडी म्हणून फळीची रुंद बाजू वर करून बसवा, म्हणजे बसल्यावर पायाची बोटे पोटाच्या पिसांखाली झाकली जातात.

६. उष्णतेचा दिवा टांगू नका. तो भुशात पडून खुराडी जळतात. तुऱ्याला चोपडलेल्या व्हॅसलीनवरही विसंबू नका. झरोक्याचे काम ते करत नाही.

हिमदंश झालाच तर

१. कडाक्याच्या रात्रीनंतर तुरा उजेडात नीट पाहा. टोके पांढुरकी-राखाडी, गार आणि कडक लागतात. पुढे सूज, पाण्याचे फोड येतात आणि मग टोके काळी पडतात.

२. पाखराला गॅरेज किंवा तळघरात, गोठणबिंदूच्या वर तापमान असलेल्या कोरड्या जागी हलवा. ऊब देऊन त्याच रात्री परत थंडीत सोडू नका. वितळलेला भाग पुन्हा गोठला तर आधीपेक्षा जास्त नुकसान होते.

३. कापड ३८ ते ४० अंश सेल्सियसच्या पाण्यात बुडवून, पिळून तुऱ्यावर नुसते टेकवून ठेवा. गार झाले की पुन्हा बुडवा. असे १५-२० मिनिटे करा आणि अलगद टिपून कोरडे करा. चोळणे, हेअर ड्रायर, शेकोटी या तिन्ही गोष्टी वर्ज्य.

४. फोड फोडू नका, काळी टोके कापू नका. त्यांच्याखाली जिवंत भाग सावरत असतो. मेलेला भाग काही आठवड्यांत वाळून आपोआप गळतो. जखम सलाइनने स्वच्छ ठेवा आणि इतर कोंबड्या टोचणार नाहीत असे पाहा.

५. खाणे-पिणे थांबले, दुर्गंधी किंवा पू आला, तर पशुवैद्याकडे जा. माणसांची वेदनाशामके मनाने देऊ नका. तुरा निळा-जांभळा, डोके सुजलेले आणि खुराड्यात अचानक मरतूक, असे चित्र दिसले तर तो बर्ड फ्लू असू शकतो. पाखरांना हात न लावता राज्याच्या किंवा प्रांताच्या पशुआरोग्य विभागाला कळवा.

टीप : हिमदंशानंतर काही काळ कोंबड्याची प्रजननक्षमता घटू शकते, त्या दिवसांतली अंडी उबवायला ठेवताना हे ध्यानात असू द्या. गळालेली टोके पुन्हा येत नाहीत. लेगहॉर्न आणि मिनोर्का या जातींचे उंच, एकेरी तुरे लवकर गोठतात. वायनडॉटचा बसका तुरा जास्त टिकतो. क्वेबेकमधल्या ओका येथील मठात ब्रदर विल्फ्रिड यांनी १९०८ पासून खपून शाँतक्लेर ही जात घडवली, ती कॅनडाचा हिवाळा डोळ्यांपुढे ठेवूनच : तुरा इवलासा, डोक्याला चिकटलेला, आणि पाळ्या नावापुरत्या. उत्तरेत राहत असाल, तर नवी पिल्ले मागवताना आधी तुरा पाहा, रंग मग.