भित्र्या सशांची हाताळणी व पैदास

बिदर जिल्ह्याच्या बसवकल्याण तालुक्यातील कोहिनूर व तेथून कलबुर्गीकडे पसरलेला टापू तुरीचा मुलूख म्हणून ओळखला जातो. अशा भागात काढणीच्या दिवसांत पिकाच्या दाटीत दडलेले सशाचे एखादे पिल्लू मजुरांच्या हाती लागते, ते मुलांकडे जाते आणि मुले ते शाळेत आणतात. बहुधा दोन-तीन दिवसांत ते दगावते. गाईचे दूध पाजले, पाला घातला, तरी ते का जगले नाही, हा प्रश्न मग शिक्षकांपुढे येतो.

रानातला ससा व पाळीव ससा हे दोन निराळे प्राणी आहेत. त्यांचा संकरही होत नाही. रानसशाचे पिल्लू जन्मतःच केसाळ व उघड्या डोळ्यांचे असते. आई त्याला दिवसभर एकटे ठेवते आणि अंधार पडल्यावर पाजावयास येते. म्हणजे जे पिल्लू पोरके समजून उचलले जाते, ते पोरके नसतेच. ते जेथे सापडले, त्याच्या जवळच्या बांधावर गवताच्या आडोशाला परत ठेवणे हाच त्याला वाचविण्याचा मार्ग होय. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये रानसशाला संरक्षण असल्याने त्यास पकडणे अथवा पाळणे हा गुन्हा ठरतो.

पाळीव ससा मूळचा युरोपातील, बिळात राहणारा. त्याची पिल्ले उघडी व आंधळी जन्मतात. दहाव्या ते बाराव्या दिवशी डोळे उघडतात. न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला, व्हाइट जायंट व ग्रे जायंट ह्या जाती आपल्याकडे मांसासाठी पाळल्या जातात. राजस्थानातील अविकानगर येथील केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने सशांवरही काम केले आहे. लोकरीचा अंगोरा ससा मात्र थंड डोंगराळ प्रदेशातला. बिदरच्या उन्हाळ्यात त्याचा नाद करू नये.

ससा भित्रा म्हणून हसण्याजोगा नाही. ज्याच्यावर सर्व शिकारी प्राण्यांचा डोळा, त्याने वरून आलेल्या हाताला घार समजावे यात नवल ते काय? त्याचे मागचे पाय बळकट, परंतु हाडे हलकी असतात. उचलताना धड अधांतरी राहिले तर तो जोराने लाथ झाडतो आणि त्या झटक्याने त्याचाच कणा मोडतो. मागचे अंग लुळे पडले की सहसा उपाय चालत नाही. म्हणून कान धरून ससा कधीही उचलू नये. एका हाताने मानेमागची सैल कातडी धरून दुसरा हात पुठ्ठ्याखाली द्यावा, त्याला अंगाशी घ्यावे व त्याचे तोंड काखेत दडू द्यावे. डोळ्यांवर अंधार आला की तो बराच शांत होतो. पिंजऱ्यात सोडताना आधी मागची बाजू आत न्यावी. तोंड पुढे केल्यास तो उडी घेतो.

नव्याने आणलेले तरुण ससे दोन-तीन दिवस हाताळूच नयेत. चारा-पाणी एकाच वेळी, एकाच माणसाने द्यावे. पुढे जमिनीलगत बसून, बाजूने हात नेऊन घासाची काडी धरावी व त्याला आपण होऊन येऊ द्यावे. मागचा पाय आपटणे ही भीतीची खूण आहे. ती दिसताच हात मागे घ्यावा. जन्मानंतर पहिल्या आठवड्यात, पाजण्याच्या सुमारास रोज हलकेच हाताळलेली पिल्ले मोठेपणी माणसाला कमी घाबरतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

मादी पाच ते सहा महिन्यांची झाल्यावर नराकडे न्यावी. नराला मादीच्या पिंजऱ्यात सोडल्यास ती आपली जागा राखण्यासाठी त्याला चावते. गाईप्रमाणे ठराविक दिवसांनी माज येण्याची वाट पाहावी लागत नाही, कारण सशात संयोगानंतरच बीज सुटते. गाभणकाळ ३० ते ३२ दिवसांचा. सत्ताविसाव्या दिवशी वाळके गवत घातलेली पेटी ठेवावी. मादी स्वतःच्या अंगावरचे केस उपटून त्यात मऊ बिछाना करते.

विण्याच्या वेळी भीती सर्वांत घातक ठरते. कुत्र्याचे भुंकणे, मांजराची चाहूल, फटाके किंवा पाण्याचा तुटवडा, यांपैकी कशानेही मादी पिल्ले तुडविते वा खाऊन टाकते. पहिल्या वेतात असे झाले म्हणून तिला लगेच काढू नये. पुढील वेतांतही झाले तर मात्र ठेवू नये. मादी दिवसातून बहुधा एकदाच, तेही काही मिनिटेच पाजते. ती पाजीत नाही असे समजून घरची माणसे पिल्लांना वाटी-चमच्याने दूध घालतात आणि ठसका लागून पिल्ले मरतात. सकाळी पोटे गोल दिसली तर काळजी नको. मेलेली पिल्ले काढताना हातांना आधी त्याच पेटीतील गवत चोळावे.

सशाला घाम येत नाही. अंगातील उष्णता मुख्यतः कानांवाटे जाते. पारा तिशीपलीकडे गेला की त्याला त्रास होऊ लागतो, आणि उन्हाच्या तडाख्यानंतर नर काही आठवडे निकामीही राहतो. म्हणून भर उन्हाळ्यात पैदास थांबवावी. पिंजरे कडुनिंबाच्या सावलीत, गवती छपराखाली ठेवावेत, भोवती ओली गोणपाटे टांगावीत, पाणी मातीच्या भांड्यात द्यावे. लसूणघास चांगला, भिजलेला अथवा बुरशी आलेला चारा देऊ नये. कान खाजवून खपल्या धरल्यास किंवा हगवण लागल्यास ससा वेगळा काढून पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. पशुविज्ञानाचे विद्यापीठ तर बिदरलाच आहे.

जोड्या विकून पुढची पिल्ले परत घेण्याची हमी देणारे व्यापारी गावोगाव फिरतात. पैसे मोजण्यापूर्वी मांस कोण घेणार, कोणत्या भावाने, हे स्वतः बाजारात विचारून घ्यावे.

पिल्ले चार ते सहा आठवड्यांनी आईपासून तोडावीत आणि तिसऱ्या महिन्यापूर्वी नर-माद्या वेगळ्या कराव्यात. प्रत्येक पिंजऱ्यावर संयोगाची तारीख, विण्याची तारीख, जन्मलेली व जगलेली पिल्ले यांची पाटी टांगावी.