बर्फावरची गोलरक्षक

मुलांनो, शनिवारी पटांगणात फुटबॉल रंगला होता. "बाई, मुलीला गोलात नको, हरू आम्ही!" असं एक जण ओरडला. मी तेव्हा गप्प बसले. आज सांगते.

कॅनडातील क्युबेक प्रांतात १९७२ साली मानों रेओम हिचा जन्म झाला. तिकडे बर्फावर, पात्यांचे बूट घालून हॉकी खेळतात. चेंडूऐवजी सुमारे १७० ग्रॅम वजनाची रबराची कठीण चकती असते. भावांच्या संघाला गोलरक्षक हवा होता. ५ वर्षांची मानों उभी राहिली.

२३ सप्टेंबर १९९२ रोजी अमेरिकेतील टँपा बे लाइटनिंग या पुरुषांच्या व्यावसायिक संघाकडून ती सराव-सामन्यात २० मिनिटे खेळली. नॅशनल हॉकी लीगच्या सराव-सामन्यात उतरलेली ती पहिलीच स्त्री. ९ फटके आले. तिने ७ अडवले, २ गोल झाले. "जाहिरातीसाठी घेतली हो!" असंही लोक म्हणाले. ती खेळतच राहिली. १९९८ साली नागानो ऑलिंपिकमध्ये महिलांची बर्फावरील हॉकी प्रथमच आली. तेथे कॅनडाच्या संघातून तिने रौप्यपदक मिळवले.

२ गोल झाले म्हणून ती घरी बसली का? नाही ना? मग मुलींनो, येत्या शनिवारी गोलात कोण? हात वर करा!