निवडलेली जागा, निवडलेली माणसं

१. पावित्र्य दगडात मुरून राहत नाही, हे मला वेरूळनेच शिकवलं. माझं गाव हेच. इथल्या ३४ लेण्यांपैकी पहिली १२ बौद्ध. भिक्खू गेले आणि शेकडो वर्षं तिथली वंदना थांबली. दहाव्या लेण्यातला चैत्य लोकांच्या तोंडी ‘सुताराची झोपडी’ झाला, आतल्या बुद्धाला विश्वकर्मा समजलं जाऊ लागलं. छत, खांब, मूर्ती सगळं जागच्या जागी होतं. माणसं तेवढी नव्हती. १९५६ नंतर बौद्ध झालेल्या घरांतली माणसं येऊन हात जोडू लागली, तेव्हा त्या लेण्यात पुन्हा बुद्ध आला. जेरुसलेमचं नेमकं उलट झालं. तिथलं ज्यूंचं मंदिर इसवी सनपूर्व ५८६ मध्ये बाबिलोनने पाडलं. पुन्हा उभारलेलं इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जाळलं. मंदिर गेलं, शहर हातचं गेलं, पण रोजच्या प्रार्थनेला त्या दिशेने वळणारी तोंडं आणि लग्नात त्या दुःखाची आठवण म्हणून फोडलेला पेला राहिला. तेवढ्यावर एक शहर दोन हजार वर्षं टिकलं.

२. तोरामध्ये, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांत, जेरुसलेम हे नावच येत नाही. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले. परमेश्वर जी जागा निवडील तिथे जा, एवढंच तिथे सांगितलंय. आम्ही बारा ज्योतिर्लिंगांची नावं क्रमाने घोकत वाढलो, शेवटी आमचा घृष्णेश्वर. ठिकाणाचं नाव न सांगता माणसांना चालायला लावणारा देव मला नवा होता.

३. दूरच्या गावाचं दुःख जिभेवरही जपता येतं. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल या ज्यू समाजाने ते जपलं. ज्यू पंचांगातल्या अव महिन्याच्या नवमीला मंदिर पडल्याचा उपास असतो, त्या दिवसाला ते ‘बिरड्याचा सण’ म्हणत, कारण उपास सुटे तो वालाच्या बिरड्याने. परंपरेप्रमाणे त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावला फुटलं आणि सात जोडपी वाचली. ते निघाले तेव्हा जेरुसलेमचं मंदिर उभंच होतं, असंही परंपरा सांगते. म्हणजे त्यांनी स्वतः पडताना न पाहिलेल्या, त्यांच्या मागे पडलेल्या मंदिराचा हा शोक. तो त्यांच्या पंचांगात बराच उशिरा आला असं त्यांच्या इतिहासकारांनी नोंदवलंय. मला त्याने तो जराही उणा वाटत नाही. जे दुःख वारशाने आलं नाही ते त्यांनी मागून घेतलं, आणि कोकणच्या पावसाळ्यात, वालाला मोड आणून, आपलं केलं.

४. ‘निवडलेले लोक’ म्हटलं की पुष्कळांना त्यात गर्वाचा दर्प येतो. ज्यूंच्या स्वतःच्या कथा मात्र वेगळं बोलतात. तालमुद या त्यांच्या ग्रंथात एक कथा आहे: देवाने सिनाय पर्वत उचलून त्यांच्या डोक्यावर धरला आणि विचारलं, माझं शास्त्र घेता, की इथेच तुमची कबर होऊ दे? इथल्या कैलास लेण्याच्या अंगणात उभं राहून भोवतीचा कापलेला कडा पाहावा, म्हणजे या प्रश्नाचं वजन कळतं. पदरात पडल्या त्या ६१३ आज्ञा. बाकीच्या मानवजातीला सातच, आणि त्यांच्यातल्या सज्जनांनाही परलोकात वाटा आहेच. आमोस संदेष्टा तर आणखी कठोर. तुम्हालाच जवळ केलं म्हणून तुमच्याच अपराधांचा जाब विचारणार, असं त्याचा देव बजावतो. आणि वर, माझ्या लेखी तुम्ही परक्या कूशी लोकांसारखेच, असंही सुनावतो. कोकणात ही निवड कशी दिसत होती? शनिवारी बंद असलेल्या तेलाच्या घाण्यासारखी. गाव बेने इस्रायलांना शनवार तेली म्हणायचं. ग्रंथ बुडाले, हिब्रू जवळजवळ विसरली, पण आठवड्याचा तो एक दिवस सोडला नाही.

५. दुसरं मंदिर का पडलं, याचं तालमुदाने दिलेलं उत्तर मला फार मोठं वाटतं. रोमनांकडे बोट न दाखवता ते म्हणतं, आपसातल्या विनाकारण द्वेषामुळे. आमच्या क्षेत्राची कथाही घरातल्या द्वेषाचीच. सुदेहाने मत्सरापोटी धाकट्या बहिणीचा, घुष्मेचा, मुलगा मारून तळ्यात टाकला. घुष्मा नेहमीप्रमाणे पार्थिव लिंगं विसर्जित करायला त्याच तळ्यावर गेली. मुलगा जिवंत होऊन आला, शिव सुदेहाला शिक्षा करायला निघाला, तेव्हा घुष्मेने बहिणीसाठी क्षमा मागितली. म्हणून देव इथे राहिला, असं आम्ही सांगतो. मंदिर पुढे पडलं, मालोजीराजांनी बांधलं, अठराव्या शतकात होळकरांनी बांधलं. अभिषेकाच्या रांगेत ढकलाढकली करणाऱ्या आम्हा भक्तांना घुष्मेची ही मागणी आठवते का, हे मात्र मी खात्रीने सांगू शकत नाही.

६. ज्या शहराकडे तोंड करून पिढ्या गेल्या, त्याच शहरातून पुरावा मागितला जातो, हे इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलांनी सोसलं. १९६०च्या दशकात तिथल्या धर्मपीठाने लग्नांपूर्वी त्यांच्या वंशाची चौकशी करायला सांगितलं. त्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं. आज लोद, दिमोना, अश्दोदमध्ये त्यांची घरं आहेत. मलिद्याच्या, म्हणजे नवसाच्या नैवेद्याच्या, वेळी ते एलियाहू हनाबी या संदेष्ट्याला आळवतात. त्याच्या रथाची खूण अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर उमटली आहे अशी त्यांची श्रद्धा, आणि जेरुसलेमच्या इतक्या जवळ राहणारी ही कुटुंबं त्या खडकापाशी नवस फेडायला कोकणात येतात.